परवाना बंदुकीचा, चौकशी माणसाची

आमच्या पिंपळनेरच्या बाजारात हल्ली कांद्याच्या भावाबरोबर बंदुकीचीही चर्चा ऐकू येते. साक्री तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात रानडुकरे मक्यात शिरतात, बिबट्या गोठ्यापर्यंत येतो, आणि मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या माणसाला रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला जायचे म्हटले की पोटात गोळा येतो. मग कुणीतरी म्हणतो, एक बारा बोअर घेऊन टाकू. दुसरा विचारतो, कितीला पडते? तिसऱ्याची धुळ्याला कुणाशी तरी ओळख असते. या साऱ्या बोलण्यात बंदुकीची किंमत निघते, काडतुसांची निघते, धुळ्याला किती खेपा माराव्या लागतील याचाही हिशेब निघतो. निघत नाही तो एकच प्रश्न. ज्याच्या हाती ती बंदूक द्यायची, तो माणूस कसा आहे हे कुणी ठरवायचे आणि कुणाला विचारून?

वास्तविक आपल्या कायद्याचा सगळा भर याच प्रश्नावर आहे. आपल्याकडे बंदूक विकत घेण्याचा हक्क कुणालाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बेकायदा शस्त्रांविषयीच्या एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. अमेरिकेच्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आपल्या घटनेत तो नाही. इथे आधी माणूस पास व्हायचा, मग परवाना, आणि परवाना हातात आल्यावर दुकान. दुकानदाराने मूळ परवाना पाहायचा, हत्याराचा क्रमांक वहीत लिहायचा, आणि घेणाऱ्याने ते हत्यार ठराविक मुदतीत दाखवून त्याची नोंद परवान्यावर करून घ्यायची. म्हणजे दुकानाच्या पायरीवर पोचेपर्यंत चौकशी संपलेली असते. ती जी काही व्हायची ती गावात होते.

या चौकशीचा कागद कसा फिरतो ते पाहण्यासारखे आहे. आमच्याकडच्या माणसाने अर्ज करायचा तो जिल्हाधिकाऱ्यांकडे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत हे काम पोलीस आयुक्तांकडे असते. अर्जाला जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा जोडावा लागतो. २०१६ च्या नव्या शस्त्र नियमांनी त्यात वैद्यकीय दाखल्याची भर घातली. अर्जदार शरीराने आणि मनाने धडधाकट आहे, दारूच्या वा अमली पदार्थाच्या आहारी गेलेला नाही, असे डॉक्टरने लिहून द्यायचे. हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराने द्यायची. सगळे परवाने आता देशपातळीवरच्या एका यादीत नोंदले जातात आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो. पूर्वी तीन हत्यारे ठेवता येत, २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांची पाच केली. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे परत यायचे आहे.

अर्ज जिल्ह्याला गेला की कायद्याच्या कलम १३ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावाच लागतो. कागद जिल्हा पोलीस कार्यालयातून उपविभागात, तिथून ठाण्यात आणि ठाण्यातून बीटाच्या हवालदाराच्या पिशवीत येतो. हवालदार पोलीस पाटलाला विचारतो, शेजारच्या दोघांचे जबाब घेतो आणि कागद आल्या वाटेने परत जातो. एवढ्या मोठ्या यंत्रणेचे तोंड शेवटी कुठे उघडते, तर एखाद्या ओट्यावर, चहाच्या कपापाशी. "मानूस कसा शे?" "चांगला शे." झाली चौकशी!

आता यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या नेहमी एकत्र करतो. पहिली गोष्ट म्हणजे नोंद. गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली आहे का, चॅप्टर केसमध्ये शांतता राखण्याचा बाँड लिहून दिला आहे का. हे ठाण्याच्या दप्तरात आणि आता संगणकात सापडते. कायद्याचे कलम ९ याबाबत स्वच्छ आहे. एकवीस वर्षांखालच्याला हत्यार नाही. मारहाणीच्या वा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्याला, शिक्षा संपल्यावरही पाच वर्षे नाही. बाँडची मुदत चालू असेल तोवर नाही. इथे हवालदाराच्या मताचा प्रश्नच येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस. कलम १४ म्हणते की कोणत्याही कारणाने अर्जदार अयोग्य वाटला, किंवा सार्वजनिक शांततेला धोका वाटला, तर परवाना नाकारावा आणि कारणे लेखी नोंदवावीत. हे 'वाटणे' कशावर उभे राहते? दप्तरात नसलेल्या माहितीवर. हा माणूस बांधाच्या भांडणात कुऱ्हाड घेऊन धावला होता, पण तक्रार झाली नाही. हा रोज संध्याकाळी कुठून कसा घरी येतो. याच्या घरातून रात्री काय आवाज येतात. ही माहिती गावात प्रत्येकाला असते आणि कागदावर कुणाचीच नसते.

मी शिक्षक म्हणून नोकरी केली, अनेक खेड्यांत राहिलो. त्यांपैकी एका गावी, नाव सांगत नाही, अशाच एका अर्जाच्या चौकशीला हवालदार माझ्याकडे आले. मास्तर म्हणजे गावातला प्रतिष्ठित, तेव्हा जबाबाला बरा. जबाब त्यांनी घरूनच लिहून आणला होता. सदर इसम सुस्वभावी असून त्याचेविरुद्ध गावात कुणाची तक्रार नाही, वगैरे. मी म्हणालो, "दादा, हा माणूस रोज पितो आणि पिल्यावर त्याला आपले-परके कळत नाही. मी यावर सही करणार नाही. हे लिहून घ्या, त्यावर करतो." हवालदार सज्जन होते. म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला इथं राहायचं आहे ना?" मी माझ्या हाताने दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. परवाना काही मिळाला नाही. पण त्या दोन ओळी आठवड्याच्या आत त्या घरी शब्दन् शब्द पोचल्या! पुढे बदली होईपर्यंत त्या आळीतून शाळेत जाणे मला सुखाचे राहिले नाही. मी परगावचा, बदलीचा माणूस होतो म्हणून निभावले. ज्याची विहीर सामाईक आहे, ज्याचा बांध लागून आहे, त्याने काय लिहावे?

त्या माणसाची बायको नंतर आमच्या घरी आली होती. आमच्या सौ.ला म्हणाली, "ताई, गुरुजींनी बरं केलं. बंदूक आली असती तर मी लेकरं घेऊन माहेरी जाणार होते." त्या बाईला मात्र कुणी काही विचारले नव्हते. ठाणे, पाटील, शेजारी, मास्तर, सगळ्यांना विचारून झाले होते. ज्या घराच्या खुंटीला ती बंदूक टांगायची होती, त्या घराचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता.

चौकशी होते की नाही यावर आपण वाद घालतो. खरा प्रश्न चौकशी कुणाकडे होते आणि उत्तर देणाऱ्याला भीती वाटते का, हा आहे.

हे केवळ आपल्या खेड्यांचे दुखणे आहे असे मात्र कुणी समजू नये. न्यूझीलंडसारख्या नेटक्या देशात मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एकाने गोळीबार केला आणि ५१ माणसे मारली. त्याची हत्यारे परवान्यावर घेतलेली होती. तिथेही परवान्याआधी चौकशी होते. अर्जदाराच्या ओळखीच्या माणसांना भेटतात, आणि त्यांतला एक जवळचा नातलग असावा असा दंडक होता. या माणसाच्या बाबतीत पोलिसांनी नातलगाऐवजी कुणाला विचारले, तर संगणकावरच्या खेळातून ओळख झालेल्या एका मित्राला आणि त्या मित्राच्या पालकाला. त्यांनी सांगितले, माणूस चांगला आहे. नंतर नेमलेल्या रॉयल कमिशनने २०२० मध्ये पोलिसांच्या या चुकीवर नेमके बोट ठेवले. विचारले होते, पण ज्यांना काही माहीत नव्हते त्यांना विचारले होते.

अमेरिकेचा मामला निराळा. तिथे १९९३ च्या ब्रॅडी कायद्यानंतर, १९९८ पासून, दुकानदार गिऱ्हाइकाचे नाव केंद्रीय पोलीस यंत्रणेला म्हणजे एफबीआयला कळवतो आणि बहुधा काही मिनिटांत होकार किंवा नकार येतो. ही सगळी नोंदीची तपासणी, माणसाची नव्हे. शिवाय कामाच्या तीन दिवसांत उत्तर आले नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळाले ते असेच. त्याच्यावरील अमली पदार्थाच्या प्रकरणाची नोंद वेळेत हाती लागली नाही आणि मुदत संपली. आपण यावर हसायचे कारण नाही. आपल्याही कलम १३ ला १९८३ च्या दुरुस्तीने एक परंतुक जोडलेले आहे. ठाण्याचा अहवाल ठरल्या मुदतीत आला नाही, तर परवाना देणारा अधिकारी त्याची वाट न पाहता निर्णय घेऊ शकतो.

कॅनडातली तऱ्हा मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तिथल्या परवान्याच्या अर्जावर नवऱ्याची किंवा बायकोची सही मागतात. इतकेच नव्हे, तर गेल्या दोन वर्षांत जिच्याबरोबर संसार केला आणि मोडला, तिचीही. सही नसली म्हणून अर्ज फेकून देत नाहीत, पण त्या व्यक्तीला सरकार स्वतः कळवते की अमुक माणसाने बंदूक मागितली आहे, तुमचे काही म्हणणे आहे का. माझ्या शाळेच्या गावातल्या त्या बाईला एवढेच हवे होते.

आपल्याकडे काय चालते? बीड जिल्ह्याचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे महाराष्ट्राला कळले. त्यांत गुन्हे दाखल असलेलेही परवानाधारक निघाले. जानेवारी २०२५ मध्ये शंभरावर परवाने रद्द करावे लागले. म्हणजे त्या प्रत्येक अर्जाच्या वेळी कुणीतरी ओट्यावर बसून 'चांगला शे' म्हटले होते, किंवा म्हणावे लागले होते. जम्मू-काश्मीरमध्ये तर २०१२ ते २०१६ या काळातल्या पावणेतीन लाखांवर परवान्यांची सीबीआयला चौकशी करावी लागली. तिथे न राहणाऱ्या माणसांनाही तिथले परवाने पैसे घेऊन दिल्याचा आरोप होता. जो माणूस त्या गावचाच नाही, त्याच्याविषयी त्या गावचे ठाणे काय सांगणार?

आणि परवाना खरा असला, माणूसही तपासलेला असला, तरी हत्यार त्याच्याच हातात राहील हे कोण पाहतो? फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर कॅमेऱ्यासमोर गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता. चौकशी एका माणसाची, एका गावात झालेली, आणि हत्यार भलत्याच शहरात, भलत्याच माणसाच्या हाती.

२०२५ च्या ऑक्टोबरात पुण्यातला एक वाद गाजला. पोलिसांनी नाकारलेला परवाना अपिलात गृह राज्यमंत्र्यांनी मंजूर केला, यावरून गदारोळ झाला. अर्जदार न्यायालयातून निर्दोष सुटलेला आहे, असा खुलासा करण्यात आला. त्या प्रकरणाच्या गुणदोषात मी शिरत नाही. पण खुलाशाची भाषा पाहा. निर्दोष सुटला हे नोंदीचे उत्तर झाले. माणसाचे उत्तर तेवढ्याने होत नाही, आणि ते देण्यासाठीच तर कलम १४ आहे.

आमच्याकडे या लेखाला एक हमखास आक्षेप येईल, तो मी आधीच घेतो. गावठी कट्टा काही हजारांत मिळतो, मग परवान्याच्या चौकशीचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप पोकळ नाही. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशाच्या हद्दीत उमर्टी आहे. तिथल्या कट्ट्यांचे नाव खानदेशातच नव्हे तर पुण्या-मुंबईच्या गुन्ह्यांत निघते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे आरोपी पकडायला गेलेल्या चोपड्याच्या पोलिसांवर हल्ला झाला, एका पोलिसाला ओढून नेले गेले. नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. जपानसारख्या कडक चौकशीच्या देशात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना २०२२ साली घरी बनवलेल्या बंदुकीनेच मारले. तेव्हा चोरवाट असते हे मान्य. पण कट्टा हा पोलिसांच्या छाप्याचा विषय आहे. परवान्याचे हत्यार सरकारने स्वतः, शिक्का मारून, दिलेले असते. त्याची जबाबदारी चोरवाटेकडे बोट दाखवून टळत नाही. शिवाय कट्टा लपवावा लागतो. परवान्याची बंदूक लग्नात मिरवता येते, बांधावर दाखवता येते, आणि तीच जास्त लोकांना गप्प करते.

या व्यवहाराची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे, आणि ती आमच्या पश्चिम पट्ट्यात जास्त जाणवते. कायदा गरिबाशी मुळात कठोर नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला कलम १३ ने वेगळी, सोपी वाट ठेवली आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारू नये, असे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. हे वाक्य आमच्या भिल्ल, कोकणी, मावची शेतकऱ्यांना कुणी वाचून दाखवले आहे काय? त्यांच्याकडे वैद्यकीय दाखल्यासाठी गाडीभाडे नसते, ऑनलाइन अर्ज भरून देणारा पैसे मागतो, आणि चौकशीच्या कागदावर 'चांगला शे' म्हणायला प्रतिष्ठितांची रांग लागत नाही. ज्याच्यामागे माणसे आहेत त्याची चौकशी सुरळीत होते, ज्याच्यामागे कुणी नाही त्याची अडते. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याला तरी दुसरे काय हवे होते? १८५७ नंतर याच सातपुड्यात खाज्या नाईकाच्या भिल्लांशी लढावे लागलेले ते सरकार. माणूस सरकारच्या बाजूचा आहे ना, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि युरोपियनांना तर परवान्यातूनच सूट होती. १९५९ च्या कायद्याने प्रश्न बदलला. विचारण्याची रीत फारशी बदलली नाही.

अर्थात बिबट्यासाठी बंदूक मागणाऱ्या मित्रांना हेही सांगितले पाहिजे की बिबट्यावर ती चालवता येणार नाही. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. तेव्हा राखणीच्या नावाने आलेली बंदूक बहुतेक रात्री घरातच असणार, आणि ती घरात असताना घर कसे आहे हाच प्रश्न उरतो.

मग करावे काय? शेजाऱ्यांनी काय सांगितले ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत बंद पाकिटात जावे, आणि सांगणाऱ्याचे नाव तिथेच राहावे. अहवालाखाली सही करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव मात्र उघड असावे, म्हणजे पुढे काही घडले तर कुणी काय लिहिले होते ते दिसेल. घरातल्या बाईचे म्हणणे स्त्री पोलिसाने, घरातल्या पुरुषांच्या माघारी, लिहून घ्यावे. ज्या चौकशीत हे नाही ती अपुरी धरावी.

नूतनीकरणाचे काय? पाच वर्षांत माणूस केवढा बदलतो! वाटणी होते, कर्ज चढते, पोरगा जातो, दारू लागते. नूतनीकरणाला पहिल्यासारखीच नवी चौकशी हवी आणि मधल्या काळातही एकदा विचारणा हवी. हे अशक्य नाही, कारण निवडणुका आल्या की आपण ते करतोच. आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती बसते, परवानाधारकांची यादी काढते, कुणाची बंदूक ठाण्यात जमा करायची हे नावे घेऊन ठरवते. म्हणजे कोण धोक्याचा आहे हे शासनाला महिनाभरापुरते बरोबर कळते! निकाल लागला की त्याच माणसाला तीच बंदूक परत मिळते. ज्याच्या हाती ती निवडणुकीत नको, त्याच्या हाती ती निकालानंतर का असावी, याचे कारण त्या यादीसमोर लिहायला कुणीच सांगत नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. कलम १३ मध्येच, पोलीस अहवालाखेरीज, आवश्यक वाटेल ती चौकशी करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला दिलेला आहे. धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मनात आणले तर जिल्ह्यापुरते एक परिपत्रक काढून घरातल्या बाईचा जबाब प्रत्येक अर्जाला लावता येईल, आणि या पावसाळ्यानंतर राखणीसाठी येणाऱ्या अर्जांपासूनच त्याची सुरुवात करता येईल.